प्रज्ञाच्या नावातली ग्यानबाची मेख

जानेवारी 2023 मधल्या एका रविवारी माझी ताई आणि भाची प्रज्ञा प्लॅस्टिकची एक फुगलेली पिशवी घेऊन घरी आल्या. पिशवीत प्रज्ञाची जन्मापासूनची सगळी कागदपत्रं. मी तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो, त्यामुळे नात्यागोत्यातल्या अशा पिशव्या माझ्याकडे येतच असतात. प्रज्ञाचं बी.एस्सी. नर्सिंग झालेलं, आयर्लंडला जायचं तिनं मनाशी पक्कं केलेलं, आणि त्यासाठी आधी पासपोर्ट हवा होता. "मामा, तू फक्त फॉर्म भर, बाकीचं मी बघते," ती म्हणाली. मी कागद चटईवर ओळीनं मांडले आणि थोड्याच वेळात लक्षात आलं, की फॉर्म भरायचा तर आधी नाव कोणतं भरायचं तेच ठरवावं लागणार.

जन्माची नोंद ग्रामपंचायतीची, शाईनं लिहिलेली, नाव देवनागरीत: प्रज्ञा. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, तिथंही प्रज्ञा. इथपर्यंत सगळं सरळ होतं. रोमन लिपी सुरू झाली आणि पोरीच्या नावाला पाय फुटले. 2012 साली गावात आधारचं शिबिर लागलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. ऑपरेटरनं रांग आवरता आवरता नाव टाइप केलं: पी-आर-ए-जी-वाय-ए. त्यावरून शेजारी देवनागरीत उमटलं ते 'प्रग्या'. म्हणजे देवनागरीतून रोमनमध्ये गेलेलं नाव परत देवनागरीत आलं ते भलतंच होऊन आलं, आणि घरी कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही. शिष्यवृत्तीसाठी बँकेत खातं काढलं ते आधारवरून, म्हणून तिथंही जी-वाय. दहावीचा फॉर्म मात्र शाळेतल्या लिपिकांनी स्वतः भरला आणि त्यांनी लिहिलं पी-आर-ए-डी-एन-वाय-ए. 2016 च्या मार्च परीक्षेच्या गुणपत्रिकेवर तेच आलं. बारावी, नर्सिंगची पदवी, परिचर्या परिषदेची नोंदणी, सगळीकडे दहावीचं स्पेलिंग पुढे चालत गेलं. पॅन कार्डावरही डी-एन-वायच.

म्हणजे एकीकडे आधार आणि बँक, दुसरीकडे शिक्षण आणि पॅन. प्रज्ञा एकच, पण संगणकाच्या लेखी दोघी. ही अडचण पासपोर्टच्याही आधीची होती. पॅन आणि आधार जोडून घेण्यासाठी तिनं 1,000 रुपये विलंब शुल्क भरलं होतं, पण नाव जुळत नाही म्हणून जोडणी होत नव्हती. तिला वाटत होतं संकेतस्थळावर गर्दी असेल.

आता हे स्पेलिंग चुकलं कुणाचं? ताईचं ठाम मत, आधारवाल्याचं. माझंही त्या दिवशी तेच मत होतं. नंतर मी या अक्षराच्या मागे लागलो आणि मत बदललं. ते का, हे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी मेख त्या एका 'ज्ञ'मध्ये आहे.

ज्ञ हे जोडाक्षर आहे: ज् आणि ञ. संगणकातही ते तसंच साठवलं जातं, ज, मग हलन्त, मग ञ. यातला ञ, म्हणजे च-वर्गातला अनुनासिक, आपण शाळेत अंकलिपीत पाठ केला आणि तिथंच सोडला. बोलण्यात तो सुटा असा आपल्याकडे उरलेला नाही. ज् आणि ञ दोन्ही तालव्य, जिभेचा मधला भाग टाळ्याला लावून काढायचे. आता 'ज' नुसता सावकाश म्हणून बघा. सुरुवातीला जीभ वर चिकटते, हवा क्षणभर अडते, आणि मग घासत सुटते. पण पाठोपाठ अनुनासिक आला तर ती हवा तोंडातून सुटायच्या ऐवजी नाकातून जाते. घासण्याचा आवाज ऐकूच येत नाही, नुसती अडलेली हवा राहते, आणि ती कानाला 'द्' सारखी लागते. ञ फुटून त्याचे न आणि य होतात. द्, न्, य. मराठी तोंडातला 'द्न्य' हा असा घडतो. ही अशुद्धी नव्हे. एक अवघड जागा मराठी जिभेनं स्वतःच्या रीतीनं ओलांडली, एवढंच.

दुसऱ्या भाषांनी तीच जागा आपापल्या रीतीनं ओलांडली. हिंदीनं 'ग्य' केलं. गुजरातीनं 'ग्न', म्हणून याज्ञिक आडनाव तिकडं जी-एन घालून लिहितात. बंगालीत 'विज्ञान'चं 'बिग्गान' होतं. तमिळनं ज टाकून दिला आणि ञ ठेवला. ज्ञानाला ते 'ञानम्' म्हणतात, पण रोमनमध्ये लिहिताना बऱ्याचदा जी-एन लिहितात, त्यामुळे न ऐकलेला माणूस 'ग्नानम' वाचून मोकळा होतो. चेन्नईचा बुद्धिबळपटू प्रज्ञानंद हे सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण. त्याच्या रोमन स्पेलिंगमध्ये दोन जी आहेत आणि शेवटी दोन ए आहेत. मराठी वर्तमानपत्रं ते नाव 'प्रज्ञानंद' छापतात आणि आपण ते 'प्रद्न्यानंद' वाचतो. त्याच्या घरी त्याला त्या नावानं कुणीही हाक मारत नसेल. उलट्या बाजूनं, मुख्य निवडणूक आयुक्त ज्ञानेश कुमार यांचं रोमन स्पेलिंग जी-वाय आहे आणि मराठी बातम्या वाचणाऱ्या कितीतरी जणांच्या तोंडी ते 'द्न्यानेश' असतात. माजी राष्ट्रपती झैलसिंग यांच्या नावामागचं 'ग्यानी' मात्र मराठीतही 'ग्यानी'च राहिलं, ते आपण ज्ञ वापरून लिहिलं नाही.

आणि महाराष्ट्रात तरी एकवाक्यता आहे का? अहमदनगरहून 1842 साली निघालेल्या 'ज्ञानोदय'चं रोमन नाव डी-एन-वायनं लिहितात. पुण्यातली ज्ञान प्रबोधिनी 1962 ची, ती जे-एन लिहिते. ज्ञानपीठ पुरस्काराचं स्पेलिंगही जे-एन. ज्ञानेश्वर माउलींचं नाव इंग्रजी पुस्तकांत डी-एन-वाय आणि जे-एन दोन्हींनी सापडतं. संस्कृतच्या अभ्यासकांना जे-एन हवं असतं, कारण मूळ वर्ण त्यात राखले जातात. पण जे-एन वाचून 'प्रद्न्या' म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, 'प्रज-ना' म्हणणारे मात्र भेटलेत.

सगळ्यात मोठा धक्का मला घरातच बसला. माझी आई, म्हणजे प्रज्ञाची आजी, वारकरी. तिला मी सगळं समजावून सांगत होतो, की आपलं मराठी ज्ञ म्हणजे द्न्य, आणि तो ग्य उत्तरेकडचा. आई म्हणाली, "मग आम्ही इतकी वर्षं ग्यानबा-तुकाराम म्हणतोय ते उत्तरेकडचं हाय का रं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच की. ज्ञानोबाला ग्यानबा म्हणणारा महाराष्ट्रच आहे. 'ग्यानबाची मेख' हा वाक्प्रचार मराठीच आहे. आणि आई तिच्या नातीला पहिल्यापासून 'परग्या' म्हणते, हे रोज ऐकूनही माझ्या कानावरून गेलं होतं. म्हणजे ज्या स्पेलिंगला मी परकं म्हणत होतो, ते माझ्या आईच्या तोंडचं होतं. शिबिरातल्या त्या ऑपरेटरनं कदाचित पोरीला घेऊन आलेल्या आजीनं सांगितलं तसंच टाइप केलं असेल. शिबिराला तिला आजीच घेऊन गेली होती.

याच अक्षरानं मराठीत आणखीही रूपं घेतली आहेत. राज्ञीची राणी झाली, यज्ञोपवीताचं जानवं झालं, आज्ञेची आण झाली. बोलीच्या वाटेनं आलेले शब्द असे गुळगुळीत होऊन आले, आणि पोथीतून पुन्हा उचललेले 'द्न्य'नं म्हटले गेले. ग्यानबा आणि ज्ञानेश्वर हे दोन्ही उच्चार एकाच दिंडीत चालतात.

तर चूक कुणाचीच नव्हती. एका अक्षराची दोन खरी वाचनं दोन कागदांवर गेली होती. हे आपल्याला कळतं, पण खिडकीपलीकडच्या संगणकाला कळत नाही, हे मला बँकेत नीट समजलं.

खात्यावरचं नाव बदलायला मी प्रज्ञाबरोबर गेलो होतो. तिथले अधिकारी हिंदी भाषक, तरुण, अतिशय सभ्य. त्यांनी आधार आणि पॅन शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, "सर, ये तो दो अलग नाम हैं." मी त्यांच्यासमोरच्या पावतीच्या पाठीमागे मोठ्या अक्षरात 'प्रज्ञा' लिहिलं आणि वाचायला सांगितलं. ते म्हणाले, प्रग्या. मग मी वाचलं, प्रद्न्या. त्यांनी कागद हातात घेतला, पुन्हा एकदा बघितला, आणि मनापासून हसले. "मैं तो बचपन से यही पढ़ता आया हूँ," म्हणाले. त्यांना मुद्दा शंभर टक्के पटला होता. पण त्यांच्या पडद्यावर देवनागरीचा रकानाच नव्हता. जी आणि डी-एन यांच्यात संगणक तुलना करणार, ज्ञ त्याला दिसणारच नाही. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र आणा, नाहीतर आधार बदलून आणा, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच सांगितलं असतं. परत येताना प्रज्ञा म्हणाली, "मामा, 'प्रतिज्ञापत्र' या शब्दातही तोच ज्ञ आहे बघ."

इथं मला एक गोष्ट अगदी मनापासून वाटते. आपल्या माणसाचं मूळ नाव देवनागरीत असतं. आईवडील ते देवनागरीत ठरवतात, पत्रिकेवर देवनागरीत छापतात, बारशाला त्याच अक्षरांनी हाक मारतात. रोमन स्पेलिंग ही त्या नावाची छाया. पण व्यवहारात छायेलाच माणूस मानलं जातं, आणि मूळ नाव 'स्थानिक भाषा' या रकान्यात शोभेला उरतं, तेही छायेवरून यंत्रानं परत काढलेलं. उलट व्हायला हवं होतं. देवनागरी नाव एकदा पक्कं आणि त्याला जोडलेली रोमन रूपं, एक किंवा दोन, असं ठेवलं असतं तर प्रज्ञाच्या दोन प्रज्ञा झाल्याच नसत्या.

ते होईल तेव्हा होईल. आमच्यापुढे प्रश्न होता आता करायचं काय.

ताईच्या यजमानांचं म्हणणं, आधार सगळीकडे मागतात, तर बाकीचं सगळं आधारप्रमाणे करा. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात दहावीची गुणपत्रिका बदलायची, म्हणजे शाळेमार्फत मंडळाकडे प्रस्ताव, मग बारावी, मग पदवी, मग परिषद, आणि त्याआधी राजपत्रात नावबदलाची जाहिरात. माझा अनुभव असा, की ज्याच्या मागे सर्वांत जास्त कागद उभे आहेत आणि जो बदलायला सर्वांत कठीण, तो कागद खुंट्यासारखा धरायचा आणि बाकीचे त्याच्याकडे ओढायचे. आपल्याकडे तो कागद बहुतेक वेळा दहावीचा असतो.

आधार बदलण्यातही एक पेच होता. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. प्रज्ञा पंधरा वर्षांची झाल्यावर बोटांचे ठसे नव्यानं द्यायला गेली, तेव्हा मधल्या नावातलं, म्हणजे वडिलांच्या नावातलं एक अक्षर दुरुस्त करून घेतलं होतं. एक संधी तिथं गेली. उरली एकच. ही चुकली तर पुढचं प्रकरण फार लांबलं असतं.

शेवटचा शब्द प्रज्ञाचा असावा असं मी ताईला सांगितलं, आणि मी गप्प बसलो, कारण डी-एन-वायकडे माझा ओढा होता आणि तो तिच्यावर पडायला नको होता. तिनं दोन दिवस घेतले. मग म्हणाली, "आजी मला परग्या म्हणते ते मला आवडतं. पण मी स्वतः माझं नाव सांगते तेव्हा प्रद्न्या सांगते. कागदावर मी सांगते ते असू दे. आजीला कागद लागत नाही."

आधार केंद्रात मी मुद्दाम सोबत गेलो. पुरावा म्हणून पॅन दिलं. ऑपरेटर मुलीनं रोमनमध्ये डी-एन-वाय टाइप केलं आणि बाजूच्या चौकटीत आपोआप उमटलं: प्रदन्या. द पूर्ण, न अर्धा. ती पुढच्या रकान्यावर जाणार एवढ्यात मी म्हटलं, "ताई, जरा थांबा, मराठी नाव बघा." तिनं बघितलं, आणि 'ज्ञ' कुठून आणायचा म्हणून पडद्याखालच्या अक्षरांत शोधू लागली. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून 5 चं बटण दाबलं की थेट ज्ञ येतो, हे मला रोजच्या सवयीनं ठाऊक होतं. तिनं दाबलं, आणि पडद्यावर 'प्रज्ञा' आलं. शिबिरातल्या त्या दिवसानंतर अकरा वर्षांनी पोरीचं स्वतःचं नाव तिच्या आधारवर आलं. प्रज्ञानं दोन्ही ओळी, मराठी आणि रोमन, बोट ठेवून अक्षर-अक्षर वाचल्या आणि मगच पावतीवर सही केली. बरेच जण ही पावती न वाचता खिशात घालतात, म्हणून मुद्दाम सांगतो, दुरुस्ती जागच्या जागी होण्याची ती वेळ असते.

त्यानंतर बँक आणि पॅनची जोडणी सरळ झाली. पासपोर्टच्या अर्जात नाव आणि आडनाव वेगळ्या रकान्यात टाकायचं असतं, मधलं वडिलांचं नाव मुलीच्या नावाच्याच रकान्यात जातं. तेवढं सांभाळलं. पासपोर्ट हातात आला तेव्हा मी प्रज्ञाला त्यातल्या फोटोच्या पानावरच्या तळाच्या दोन ओळी दाखवल्या. यंत्रानं वाचायच्या त्या ओळी, एकेकीत 44 जागा, आणि त्या जागांवर ए ते झेड, आकडे आणि रिकाम्या जागी कोनासारखी खूण, एवढंच बसतं. अक्षरांवरची टिंबं, रेघा, लाटा, काही नाही. जगातल्या सगळ्या नावांना या चाळणीतून जावं लागतं, तमिळ असोत, अरबी असोत, नाहीतर आयरिश.

आयरिश म्हटलं कारण तिथं पोचल्यावर प्रज्ञानं केलेल्या पहिल्या मोठ्या फोनमध्ये हाच विषय होता. तिला भीती होती, की डी-एन-वाय बघून लोक बिचकतील. काहींनी 'प्रॅड-नाया' म्हटलं, काहींनी 'प्रॅड-निया'. पण नाव कसं म्हणायचं हे विचारायला तिथं कुणाला संकोच वाटत नाही, कारण त्यांची स्वतःची नावं तशीच आहेत. एन-आय-ए-एम-एच लिहितात आणि 'नीव' म्हणतात. एस-आय-ओ-बी-एच-ए-एन लिहितात आणि 'शिवॉन' म्हणतात. इंग्रजीच्या डोळ्यांनी बघितलं तर हे स्पेलिंग विचित्र वाटतं, पण आयरिशच्या स्वतःच्या नियमांनी ते चोख आहे. जुन्या आयरिश लिपीत व्यंजनावर टिंब देऊन ते मऊ करायचे. रोमन छपाई आली तेव्हा टिंबाच्या जागी एच लिहू लागले. म्हणून एम-एच म्हणजे व, बी-एच म्हणजेही व. हे तिला वॉर्डातल्या एका वयस्कर परिचारिकेनं जेवणाच्या सुट्टीत रुमालावर लिहून दाखवलं, आणि प्रज्ञानं त्याच रुमालावर ज्ञ काढून दाखवला. ज, आणि त्याला बिलगलेला ञ.

वॉर्डात एक पोलिश सहकारी होती. तिनं मात्र नावाची पट्टी बघून पहिल्याच खेपेला स्वच्छ 'प्राद्न्या' म्हटलं. प्रज्ञा चकित झाली. झालं असं, की पोलिश भाषेत दिवसाला जो शब्द आहे, त्याचं षष्ठीचं रूप डी-एन-आय-ए असं लिहितात आणि त्याचा उच्चार जवळजवळ आपल्या 'द्न्या'सारखाच होतो. तिच्या तोंडाला ते जोडाक्षर रोजचं होतं. आई फोनच्या बाजूलाच बसलेली होती. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "परग्या, त्या बाईला वारीला आणतीस का?"

या सगळ्यानंतर माझ्या केंद्रात मी एक सवय लावून घेतली आहे. नावात ज्ञ असेल, ळ असेल, ऋ असेल, तर मी आधी कोरा कागद पुढे करतो. ऋतुजाला आर-यू की आर-आय, काळेंच्या काळूबाईला एल एक की दोन, हे त्यांनी लिहायचं. गेल्या महिन्यात एक जोडपं बाळाच्या जन्मदाखल्यावर नाव घालायला आलं. नाव ठरलं होतं यज्ञेश. मी कागद पुढे केला. नवरा म्हणाला, "तुम्हीच टाका की साहेब, तुम्हाला रोजचं आहे." मी कागदावर तीन स्पेलिंगं लिहिली, डी-एन-वायचं, जी-वायचं आणि जे-एनचं, आणि प्रत्येकाला कोण काय म्हणेल ते मोठ्यानं वाचून दाखवलं. बायको कागदाकडे बघत राहिली. मग तिनं तो घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "घरी सासूबाई काय म्हणतात ते ऐकते आधी. उद्या येतो." मी अर्ज तसाच अर्धा ठेवून दिला.